तुळशीराम घरतच्या माश्या

तुळशीराम घरत हा माणूस मला आवडत नाही. आधी आवडत नव्हता, आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळं होऊन गेल्यावरही आवडत नाही. वयानं तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे. तोंडावर मी त्याला ‘घरतशेठ’ म्हणतो, पण इथे ‘तो’च म्हणणार. निदान कागदावर तरी माझं चालू दे.

आम्ही रोडपालीत एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, तो सगळ्यात वर, सातव्यावर. मी मूळचा पुण्याचा. बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली म्हणून इकडे फ्लॅट घेतला आणि चौथ्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. तो इथलाच, आगरी. ज्या जागेवर आमची बिल्डिंग उभी आहे, तिथे त्याच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. जमीन सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉट बिल्डरला गेला आणि बिल्डरनं त्याला वरचे दोन फ्लॅट दिले. गच्चीसुद्धा दिली, असं तो म्हणतो. कागद दाखवा म्हटलं तर म्हणतो, बिल्डरनं शब्द दिलाय. बिल्डर केव्हाच गाशा गुंडाळून गेला. त्याचा शब्द मात्र तुळशीराम घरत अजून धरून बसलाय.

आमचं वाकडं पहिल्याच आठवड्यात आलं. पार्किंगमध्ये मी माझी गाडी लावली ती जागा त्याची होती म्हणे. तशी खूण नव्हती, पाटी नव्हती. सकाळी पाहतो तर चारही चाकांतली हवा काढलेली. मी वर जाऊन जाब विचारला, माझी बायको रुचिरा सोबत होती. तो बनियनवर दारात उभा राहिला आणि तिच्यादेखत मला म्हणाला, “तुमी रावाला आलाव, मालक होवाला नाय.” दार लावून घेतलं. मी ऑफिसात साठ माणसं सांभाळतो. इतकं तोडून मला आजवर कोणी बोललं नव्हतं.

पुढे मी सेक्रेटरी झालो तो काही अंशी त्या वाक्यामुळेच. गच्चीवर तो मोरा बंदरावरून आणलेला जवळा आणि बोंबील वाळत घालायचा, त्याचा वास जिन्यानं खाली पाचव्या मजल्यापर्यंत यायचा. मी नोटीस काढली. नोटीस त्यानं वाचली की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी जवळा तिच्यावरच पसरलेला होता. मी गच्चीला कुलूप लावलं, त्यानं ते तोडलं. शेवटी चेअरमन हितेशभाईंनी मध्ये पडून दोन किल्ल्या केल्या, एक त्याला, एक मला. हितेशभाईंचं स्टेशनजवळ कापडाचं दुकान आहे आणि त्यांना जगात कोणाशीच वैर नको असतं. अशी माणसं चेअरमन होतात आणि भांडायचं काम सेक्रेटरीवर येतं.

त्याची बायको हौसाबाई मात्र वेगळी. बारीक, चपळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गच्चीवर निळ्या पिंपांत माती भरून तिनं काकडी, कारली आणि लाल भोपळा लावला होता. वेल भिंतीवरून पलीकडे लोंबायचे, फुलं भरपूर यायची आणि फळ काही धरायचं नाही. इवलीशी काकडी दिसायची, पिवळी पडायची आणि गळून जायची. हौसाबाई रुचिराला सांगायची की पूर्वी शेताच्या बांधावर हाताला येईल ती काकडी तोडून खायचो, आता फुलावर बसायला माशीच उरली नाय. ती रोज सकाळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावत फिरायची. गुडघे धरले तसं तेही जमेना. दोन वर्षं असं झाल्यावर तिनं वेल उपटले आणि पिंपं पालथी घातली. नवऱ्याला ती काही म्हणाली नाही. ती काही म्हणतच नाही, तेच त्याला लागलं असावं.

कारण त्यानंतर जानेवारीत तुळशीराम घरत पाच दिवसांच्या मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणाला गेला. ज्यानं जन्मात कोणाला वाट विचारली नाही, तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पोराटोरांमध्ये बाकावर बसून वहीत लिहून घेत होता. मला हे हितेशभाईंकडून कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. फेब्रुवारीत एक छोटा टेम्पो आला आणि त्यातून त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली लाकडी पेटी उतरवली. लिफ्टनं नेली नाही. लिफ्टच्या हादऱ्यानं माश्या बिथरतात म्हणून सात मजले छातीशी धरून चढला. मी दारातच उभा होतो. आत काय आहे, विचारलं. तो म्हणाला, “सातेरी.” म्हणजे पेटीत राहणारी आपल्याकडची साधी मधमाशी, हे मला मोबाइलवर शोधल्यावर कळलं. बाकी एक अक्षर त्यानं मला सांगितलं नाही.

नवशिक्या माणसाला जे जे चुकायला हवं ते सगळं त्याचं चुकलं, आणि ते पाहायला मी माझी किल्ली घेऊन रोज सकाळी वर जायला लागलो. पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह तपासायचा हे निमित्त. पहिल्या दिवशी त्यानं पेटीचं तोंड खाडीच्या वाऱ्याकडे केलं. माश्या परत येताना वाऱ्यानं ढकलल्या जाऊन भिंतीवर आपटायच्या. मग ते फिरवलं. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या असतात, त्या ठेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग थेट आत. माश्या शांत करायच्या धुराड्यात नारळाची सोडणं पेटवून एवढा धूर केला की समोरच्या बिल्डिंगमधून आग लागल्याचा फोन आला. माशी चावून एक डोळा सुजून बंद झाला, तरी एका डोळ्यानं पेटीत वाकलेलाच.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो पेटी रोज उघडायचा. रोज. राणी दिसते का, अंडी दिसतात का, पोळं किती वाढलं. एकेक चौकट वर काढून उन्हात धरायची, जाड काचेच्या चष्म्यातून बघायची, परत ठेवायची. प्रशिक्षणात त्याला आठवड्यातून एकदाच उघडा असं सांगितलं होतं, त्याच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं, वही तिथेच कठड्यावर पडलेली मी वाचली होती. पण त्याला चैन पडत नसे. बाराव्या दिवशी सकाळी मी वर गेलो तेव्हा पेटीचं झाकण काढलेलं होतं आणि आत एकही माशी नव्हती. सगळ्याच्या सगळ्या निघून गेल्या होत्या. तो पालथ्या पिंपावर बसला होता. मी वॉल्व्ह तपासला आणि खाली आलो. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड आणलं. रुचिरानं विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, असंच.

तो गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पंधरा दिवसांत दुसरी पेटी आली. ह्या खेपेला तोंड पूर्वेला, खाली पाण्याच्या वाट्या, आणि पेटी उघडायची फक्त रविवारी. उरलेले सहा दिवस तो त्या पिंपावर बसून नुसता तोंडाशी बघत राहायचा. कुठली माशी पायाला पिवळा पराग लावून येते, कुठली पंख्यासारखे पंख हलवत दारात उभी राहते. मी वॉल्व्हपाशी उभा असलो की माझ्याकडे पाठ करून बसायचा. जूनमध्ये हौसाबाईनं पिंपं सरळ केली, एवढं एक त्याच्या बसण्यासाठी सोडून, आणि पुन्हा बी लावलं. पावसाळ्यात फुलं कमी असतात म्हणून तो रोज छत्री धरून साखरेचा पाक घेऊन वर जायचा. वाटीत गवताच्या काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडतात. एवढी काळजी त्यानं माणसाची कधी केली असेल असं मला वाटत नाही.

श्रावणात काकड्या लागल्या. थोड्याथोडक्या नाही. हौसाबाई टोपली घेऊन मजल्यामजल्यावर फिरली, प्रत्येक दारात दोन-दोन दिल्या, आमच्याही. सव्वीस घरांत नुसतं तेच बोलणं सुरू झालं. मी काकडीला हात लावला नाही. रुचिरानं मीठ लावून माझ्यासमोर कराकरा खाल्ली आणि वर म्हणाली की अशी काकडी तिनं लहानपणी खाल्ली होती.

माझं पित्त खवळलं ते तिथे. माणूस नियम मोडतो, कुलूप तोडतो, आणि दोन काकड्यांवर सगळी बिल्डिंग त्याच्या बाजूनं. मी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घातला, ‘गच्चीवरील मधमाश्यांमुळे सभासदांच्या जीवितास असलेला धोका’. सभेत मी तयारीनं बोललो. वयस्कर माणसं आहेत, कोणाला ॲलर्जी असेल, एखाद्याला चावली आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? पेटी हलवायलाच हवी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकड्या गोड होत्या, पण भीती सगळ्यांनाच असते. हितेशभाईंनी नेहमीप्रमाणे मध्यम मार्ग काढला. पेटी राहू दे, पण सभासदांपैकी एकालाही माशी चावली तर ती त्याच दिवशी हलवायची.

मी म्हणालो, हे लेखी हवं, घरतांची सही हवी. तुळशीराम घरत मागच्या खुर्चीवर बसला होता. उठला नाही. तिथूनच म्हणाला, “सही कशाला? मी बोल्लो ना. एकाला जरी चावली तर त्याच दिवशी पेटी खाली.” लोक हसले, कोणी टाळीही वाजवली. मी सभेच्या वृत्तांतात शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मनात म्हटलं, बिल्डरचा शब्द आणि तुझा शब्द एकाच जातीचा, बघू.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. कोणालाच काही चावलं नाही. माश्या त्यांच्या वाटेनं जात-येत होत्या, लोक गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मला मोबाइलवर मधमाशीच्या डंखाचे फोटो बघायची सवय लागली होती. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

आमच्याकडे दसऱ्याला लिफ्टच्या मशीनची पूजा असते. पार्किंगमधल्या गाड्यांना झेंडूचे हार, पाण्याच्या पंपाला हळदकुंकू, आणि मशीनची खोली गच्चीवर असल्यानं तिथे नारळ, पाच फळं, आरती. सेक्रेटरी म्हणून ही पूजा चार वर्षं मीच करतो. आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारात निघालो होतो, तेव्हा जिन्यात तुळशीराम घरत भेटला. वर्षभरात पहिल्यांदा तो आपणहून माझ्याशी बोलायला थांबला.

“उद्या वर पूजेला केळी नका नेऊ,” तो म्हणाला. “पिकल्या केळ्याच्या वासानं माश्या उठतात. चिडली माशी की तिचा वासच तसा येतो. दुसऱ्यांना वाटतं, हल्ला झाला. दुसरं कायपन न्या. पेरू न्या, चिकू न्या.”

त्यानं नीट सांगितलं होतं. आवाज चढवला नव्हता. आज आठवलं की कळतं, तो जवळजवळ विनंतीच करत होता. पण तेव्हा माझ्या कानांना एवढंच ऐकू आलं की हा माणूस आता मला पूजा शिकवतोय. ताटात काय ठेवायचं तेही हाच ठरवणार. मी म्हणालो, “आमच्याकडे पूजेत केळं लागतंच, घरतशेठ,” आणि उतरलो. हे खोटं होतं. पाच फळांत केळं नसलं तरी चालतं, आई कित्येकदा डाळिंबं ठेवून पूजा करत असे.

बाजारात मी वेलची केळी घेतली. दोन डझन. सालीवर काळे ठिपके आलेली, घमघमाट सुटलेली. रुचिरानं पिशवीत डोकावून विचारलं, एवढी कशाला? मी म्हणालो, यंदा प्रसाद केळ्याचा करतोय, काप करून साखर घालून. माझा त्याच्यावर विश्वास बसला होता का? नव्हता. केळ्यानं माशी चिडते हे मला थोतांड वाटलं होतं. पण अर्धं मन म्हणत होतं, खरं निघालं तर बरंच आहे. माणसाचं मन असं दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहू शकतं, निदान माझं राहिलं.

दसऱ्याला सकाळी साडेनऊला मी ताट घेऊन वर गेलो. एकटाच होतो, बाकीचे आरतीला दहाला येणार होते. मशीनच्या खोलीला तोरण बांधलं, नारळ वाढवला, उदबत्ती लावली. मग प्रसाद करायला बसलो. खोलीच्या दाराशी ओटा आहे, तिथे जागा होती. मी तिथे बसलो नाही. पेटीपासून चार हातांवर ते पालथं पिंप होतं, त्याचं आसन. मी त्याच्यावर बसलो, ताट मांडीवर घेतलं आणि एकेक केळं सोलून काप करायला लागलो. त्याच्या जागेवर बसून मला हवं ते करताना काय वाटत होतं ते मी लपवत नाही. मला आनंद होत होता.

दहा-बारा केळी झाली असतील. पहिली माशी आली ती माझ्या चिकट बोटांवर बसली. मी हात झटकला, ती चावली. मी ओरडलो आणि ती चिरडली. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. कानाशी, डोळ्यांपुढे, केसांत, सगळीकडे तोच आवाज. ओठावर एक, पापणीवर एक, मानेत, कानात. मी चापट्या मारत सुटलो, आणि जेवढ्या मारल्या तेवढ्या जास्त आल्या. ताट उलटं झालं. मी जिन्यात पडलो आणि दार ओढून घेतलं.

माझा आवाज ऐकून तुळशीराम घरत वर आला. त्यानं मला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. मी चिमटीत धरून काटा उपटायला गेलो तर त्यानं माझा हात खाली दाबला. चिमटीत धरलं की विष आत जातं, म्हणाला. मग अंगठ्याच्या नखानं एकेक काटा खरवडून काढला. पापणीवरचा काढताना त्याचा हात मुळीच हलला नाही. एकूण नऊ निघाले. शेवटी माझा उजवा हात हातात घेतला, बोटांमधला काटा काढायला वाकला, आणि थांबला. बोटांना केळ्याचा गर लागलेला होता. त्यानं वास घेतला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी एका उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहत होतो. मग त्यानं काटा काढला आणि हौसाबाईला बर्फ आणायला सांगितलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, झोपायला सांगितलं. संध्याकाळी पाचला हितेशभाईंचा फोन आला. सगळे पार्किंगमध्ये सोनं द्यायला जमलेत, पेटीचंही एकदा बोलून घेऊ. मी गेलो. जायची गरज नव्हती, पण गेलो. मला जिंकलेलं बघायचं होतं.

हार घातलेल्या गाड्यांमध्ये वीस-पंचवीस माणसं आपट्याची पानं हातात घेऊन उभी होती. माझं तोंड बघून सगळे हळहळले. पण मला वाटलं होतं तसं कोणी पेटीवर तुटून पडलं नाही. उलट हितेशभाई म्हणाले, “आठ महिने कोणाला काही झालं नाही. आज अचानक काय झालं ते तरी कळू दे. तसंच काही कारण असेल तर आपण ठरावाचा पुन्हा विचार करू. शेवटी ठराव आपलाच आहे.” दोघातिघांनी माना हलवल्या. पाचव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, हौसाबाईंनी किती कष्ट केलेत.

तुळशीराम घरत खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं, आता सांगणार. आणि तो सांगेल त्याला काय उत्तर द्यायचं ते मी जिना उतरतानाच ठरवून ठेवलं होतं. हा अडाणी माणूस आपली चूक माझ्या पूजेवर ढकलतोय, असं मी म्हणणार होतो.

पण तो मला म्हणाला, “सेक्रेटरी, माश्या उगाच उठत नाय. वर काय झाला ते तुमीच सांगा.”

एवढंच. सगळे माझ्याकडे बघत होते. रुचिरा माझ्या शेजारी होती, तिनं पिशवीतली केळी पाहिली होती, पण घरतनं मला आदल्या दिवशी काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. ते फक्त तीन माणसांना ठाऊक होतं, मला, त्याला आणि हौसाबाईला. मी एक वाक्य बोललो असतो तर पेटी राहिली असती. ‘केळी मी नेली होती, यांनी नको सांगितलं असताना.’ कोणी मला फाशी दिलं नसतं. हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, विसरले असते.

मी म्हणालो, “पूजा करत होतो. दरवर्षीसारखी.”

ओठ सुजल्यामुळे शब्द बोबडे आले. हौसाबाई मागून पुढे झाली. “अवो, पन केळी...” असं ती म्हणते न म्हणते तोच त्यानं हात आडवा केला. तिच्याकडे न बघता, माझ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “रावं दे. मानूस पूजेवरून उठून आलाय. खोटा नाय बोलनार.”

मग तो हितेशभाईंकडे वळला. मी शब्द दिला व्हता, म्हणाला, आजच जाईल. कोणीतरी म्हणालं, अहो, थांबा थोडं, उद्या बघू. तो थांबला नाही. खिशातून आपट्याचं पान काढून हितेशभाईंच्या हातावर ठेवलं, नमस्कार केला आणि जिन्याकडे गेला. हौसाबाई त्याच्या मागून गेली. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

माश्या दिवे लागण्याच्या वेळी सगळ्या आत येतात, तेव्हाच पेटी हलवता येते. साडेसहाच्या सुमारास मी घरात बसलो होतो. रुचिरा स्वयंपाकघरात होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. विचारलं तर काही नाही म्हणाली. जिन्यात पावलं वाजली तसा मी उठून दार उघडलं. का उघडलं ते मला अजून सांगता येत नाही.

तो पुढे होता, पेटी छातीशी धरलेली, तिच्या तोंडावर जाळी बांधलेली. मागून हौसाबाई एकेक पायरी बसल्यासारखी उतरत होती, कठड्याला धरून. माझ्या दाराशी आल्यावर त्याला दम लागला. त्यानं पेटी खाली टेकवली, माझ्याच उंबऱ्यावर, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जाळीच्या आतून आवाज येत होता, सकाळचाच आवाज, फक्त मंद. पेटी जासईला त्याच्या बहिणीकडे जाणार होती, कंटेनर यार्डच्या मागे तिचं घर आहे. सगळीकडे धूळ. तिथे माश्या टिकतील असं त्यालाही वाटत नसणार.

इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पापणीवर आणि हातावर ताजे डंख होते, सात-आठ तरी. जाळी बांधताना चावल्या असतील. त्यावर त्यानं काहीच लावलं नव्हतं. मला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं, माफी की अजून एखादा टोमणा. मी म्हणालो, “घरतशेठ, मी...”

“बोलू नका,” तो म्हणाला. “सूज हाय अजून. बोलताना दुखंल.”

त्यानं वाकून पेटी उचलली. हौसाबाई माझ्या अंगावरून, भिंतीला चिकटून पुढे गेली, तिचा पदरही मला लागू नये अशी. दोघं खाली गेले. खाली टेम्पोचं फळकूट आपटल्याचा आवाज आला. मी दार लावून आत आलो तेव्हा रुचिरा ओट्याशी उभी होती. उरलेली केळी तिनं पिशवीत भरून ठेवली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. तिनं जिन्यातलं सगळं ऐकलं होतं.

“त्यांनी तुला आधी सांगितलं होतं का?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, नाही.